हेलसिंकीचा दस्तऐवज : राजनयाची भाषा आणि मानवी हक्क

ज्या लेखाला कायद्याचे बंधन नाही, त्या लेखातील शब्दांनी एखाद्या हुकूमशाही राज्यसंस्थेच्या वर्तनावर काही परिणाम घडू शकतो काय, हा आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासातील जुना प्रश्न आहे. या प्रश्नाचा विचार करताना १९७५ सालच्या हेलसिंकी परिषदेचे उदाहरण टाळून पुढे जाता येत नाही. १ ऑगस्ट १९७५ रोजी फिनलंडच्या राजधानीत पस्तीस राष्ट्रांच्या प्रमुख प्रतिनिधींनी युरोपीय सुरक्षा व सहकार्य परिषदेच्या अंतिम दस्तऐवजावर सह्या केल्या. अमेरिका, कॅनडा आणि अल्बेनियाखेरीज जवळजवळ सर्व युरोपीय राष्ट्रे त्यांत होती. हा दस्तऐवज म्हणजे तह नव्हे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेतील १०२ व्या कलमानुसार तहांची जी नोंदणी होते, तिला तो पात्र नाही, असे त्यातच नमूद करण्यात आले होते. त्याचे जे काही सामर्थ्य असेल ते त्याच्या शब्दांतच शोधावयास हवे.

हे शब्द सहजासहजी ठरले नव्हते. नोव्हेंबर १९७२ मध्ये हेलसिंकीजवळ पूर्वतयारीची बोलणी सुरू झाली आणि मुख्य वाटाघाटी सप्टेंबर १९७३ पासून जवळजवळ दोन वर्षे जिनिव्हा येथे चालल्या. प्रत्येक निर्णय सर्वसंमतीने व्हावयाचा, असा नियम होता. त्यामुळे एखाद्या लहान राष्ट्रालाही एखादे वाक्य अडवून धरता येई. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, रशियन आणि स्पॅनिश अशा सहा भाषांत मूळ लेख सिद्ध करण्यात आला. म्हणजे रशियन लेख हा कोणा परक्या लेखाचा अनुवाद नव्हता. तोही मूळच होता. या गोष्टीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

सोव्हिएत संघाला या परिषदेतून मुख्यतः एक गोष्ट साधावयाची होती : दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपात निर्माण झालेल्या सीमांना सर्व राष्ट्रांची मान्यता. दस्तऐवजातील दहा तत्त्वांपैकी तिसरे तत्त्व सीमांविषयीचे आहे. त्यासाठी रशियन लेखात ‘नेरुशिमस्त’ हा शब्द आहे, तर जर्मन लेखात ‘उनफरलेत्सलिखकाइट’ हा. पहिल्या शब्दाच्या मुळाशी मोडून पाडण्याची कल्पना आहे. जे मोडता येत नाही, जे अढळ आहे, असा त्याचा ध्वनी. दुसऱ्याच्या मुळाशी इजा करण्याची कल्पना आहे. ज्यावर आघात करू नये ते, एवढाच त्याचा अर्थ. सीमा अढळ आहेत असे म्हणणे आणि सीमांवर बळाने आघात करू नये असे म्हणणे, यांत मोठे अंतर आहे. जर्मनीचे ऐक्य पुढेमागे शांततेने साधता यावे म्हणून पश्चिम जर्मनीने हे अंतर जपले. सीमा आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार, शांततामय मार्गाने आणि परस्परसंमतीने बदलता येतील, असे वाक्य तिच्या आग्रहामुळे पहिल्या तत्त्वात घालण्यात आले. त्या वाक्यातील एका स्वल्पविरामाच्या जागेवरूनदेखील बॉन, वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात बोलणी झाली.

या सौद्याची दुसरी बाजू म्हणजे सातवे तत्त्व. विचार, सद्सद्विवेक, धर्म व श्रद्धा यांच्या स्वातंत्र्यासह सर्व मानवी हक्कांचा आदर करण्याचे वचन त्यात आहे. त्याचबरोबर विषयांच्या तिसऱ्या गटात, ज्याला वाटाघाटी करणारे ‘तिसरी टोपली’ म्हणत, कुटुंबीयांच्या भेटीगाठी, प्रवास, वृत्तपत्रे, संस्कृती आणि शिक्षण यांविषयीच्या तरतुदी आल्या. या बाबींचा पाठपुरावा करण्यात युरोपीय आर्थिक समुदायाच्या नऊ राष्ट्रांचा वाटा मोठा होता. परराष्ट्रधोरणाबाबत एकत्र विचार करण्याची पद्धत त्यांनी १९७० मध्येच सुरू केली होती. हेलसिंकी हे तिचे पहिले मोठे यश मानले जाते. इटलीचे पंतप्रधान आल्दो मोरो यांनी आपल्या राष्ट्राबरोबरच युरोपीय समुदायाच्या परिषदेचे अध्यक्ष या नात्यानेही सही केली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांना या तरतुदींविषयी आरंभी फारशी आस्था नव्हती.

मग सोव्हिएत नेत्यांनी सातवे तत्त्व मान्य तरी का केले? सहाव्या तत्त्वात अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करण्याचे अभिवचन होते. आपल्या घरात आपणच धनी आहोत, तेव्हा वचनांचा अर्थ आपणच लावू, अशा आशयाचा युक्तिवाद परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांनी साशंक सहकाऱ्यांपुढे केल्याचे राजदूत दोब्रिनिन यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. हा हिशेब राज्याराज्यांमधील व्यवहारापुरता चुकीचा नव्हता. परंतु दस्तऐवजातील दोन वाक्यांचा पुरेसा विचार त्यात झाला नव्हता. पहिले वाक्य असे की, प्रत्येक राष्ट्राने हा लेख आपल्या देशात प्रसिद्ध करावा व शक्य तितका सर्वज्ञात करावा. दुसरे सातव्या तत्त्वातील : या क्षेत्रातील आपले हक्क व कर्तव्ये जाणून घेण्याचा आणि तदनुसार वागण्याचा व्यक्तीला अधिकार आहे. सोव्हिएत वृत्तपत्रांनी संपूर्ण लेख छापला. राज्यांनी एकमेकांना दिलेले वचन त्यायोगे नागरिकांच्या हाती आणि नागरिकांच्याच भाषेत पडले.

मे १९७६ मध्ये पदार्थवैज्ञानिक यूरी ऑर्लोव्ह यांनी मॉस्कोत हेलसिंकी गट स्थापन केला. राज्य उलथून टाकण्याची घोषणा त्याने केली नाही. राज्याने सही केलेल्या लेखाचे पालन कोठे होत नाही, याची टिपणे तयार करून ती सह्या करणाऱ्या राष्ट्रांकडे पाठविणे, एवढेच काम त्याने अंगीकारले. याचे मोल जबर द्यावे लागले. १९७८ मध्ये ऑर्लोव्ह यांना सात वर्षे श्रमछावणी व त्यानंतर पाच वर्षे हद्दपारी अशी शिक्षा झाली. १९८२ मध्ये उरलेल्या मोजक्या सभासदांना गटाचे काम थांबवावे लागले.

चेकोस्लोव्हाकियातही असेच घडले. जानेवारी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सनद ७७’ने हेलसिंकीचा आणि राज्याच्या कायदेसंग्रहात नुकत्याच छापलेल्या आंतरराष्ट्रीय हक्ककरारांचा आधार घेऊन सरकारकडे केवळ संवादाची मागणी केली. वाक्लाव हावेल, यिर्झी हायेक आणि तत्त्वज्ञ यान पातोच्का हे तिचे पहिले तीन प्रवक्ते होत. १ मार्च १९७७ रोजी नेदरलंड्सचे परराष्ट्रमंत्री माक्स व्हान डेर स्टूल यांनी प्रागमध्ये पातोच्का यांची भेट घेतली. यजमान सरकारला ती भेट रुचली नाही. राष्ट्राध्यक्ष हुसाक यांनी पाहुण्या मंत्र्यांना ठरलेली भेट नाकारली. पातोच्का यांची मात्र दीर्घ चौकशी झाली, ते रुग्णालयात दाखल झाले आणि १३ मार्च रोजी निवर्तले. त्यांचे वय एकोणसत्तर वर्षांचे होते. परक्या मंत्र्याच्या एका भेटीची किंमत यजमान देशातील नागरिकाला कशी मोजावी लागते, हे या प्रसंगावरून दिसते. मानवी हक्कांच्या राजनयाचे मूल्यमापन करताना ही किंमत हिशेबात धरलीच पाहिजे. तथापि अशी भेट टाळली असती तर सनदेवर सही करणाऱ्यांचे रक्षण झाले असते, असेही म्हणता येत नाही. त्यांचा छळ त्या भेटीपूर्वीच सुरू झाला होता.

हेलसिंकीने आणखी एक गोष्ट केली होती : पुनर्विलोकनाच्या बैठकांची परंपरा घालून दिली होती. बेलग्रेडची बैठक १९७८ मध्ये संपली तेव्हा सर्वसंमतीअभावी समारोपाच्या लेखात मानवी हक्कांचा उल्लेखही होऊ शकला नाही. माद्रिदची बैठक १९८० ते १९८३ अशी लांबली. व्हिएन्नाची बैठक चालू असतानाच, डिसेंबर १९८६ मध्ये, मॉस्को गटाचे एक संस्थापक अनातोली मार्चेंको यांचा उपोषणानंतर तुरुंगात मृत्यू झाला. १५ जानेवारी १९८९ या तारखेच्या व्हिएन्ना लेखाने कोणत्याही राष्ट्राला दुसऱ्याकडे विशिष्ट प्रकरणाची माहिती मागण्याचा मार्ग उपलब्ध करून दिला. दुसऱ्याच दिवशी हावेल यांना प्रागमध्ये अटक झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ते राष्ट्राध्यक्ष झाले.

या क्रमावरून हेलसिंकीनेच १९८९ चे परिवर्तन घडविले, असा निष्कर्ष काढणे अतिव्याप्त ठरेल. आर्थिक कुंठितावस्था, पोलंडमधील कामगार चळवळ आणि गोर्बाचोव्ह यांचे धोरण यांवाचून ते घडले नसते. रुमानियाने त्याच दस्तऐवजावर सही केली होती, तरी तेथील राजवट अखेरपर्यंत कठोर राहिली. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की, विरोधकांना राज्याच्याच शब्दांत बोलण्याची सोय या दस्तऐवजाने केली, आणि परराष्ट्रांना प्रश्न विचारण्यास कायमचे निमित्त दिले.

१९९१ मध्ये मॉस्को येथेच झालेल्या बैठकीत मानवी हक्कांविषयीची वचने ही कोणत्याही राज्याची केवळ अंतर्गत बाब नव्हे, असे सर्वसंमतीने मान्य करण्यात आले. सहाव्या तत्त्वाचा सोव्हिएत अर्थ त्याच नगरीत मागे घेतला गेला. परंतु शब्द एकदा मान्य झाले म्हणजे ते टिकतातच असे नाही. १९८९ मध्ये पुनरुज्जीवित झालेला मॉस्को हेलसिंकी गट जानेवारी २०२३ मध्ये तेथील न्यायालयाच्या आदेशाने विसर्जित करण्यात आला. १९९१ चा तो लेख मात्र मागे घेण्यात आलेला नाही. त्याच वर्षी ठरलेल्या कार्यपद्धतीचा आधार घेऊन २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्धाची तज्ज्ञांकरवी चौकशी करण्यात आली. ऑर्लोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये जे काम हाती घेतले होते, म्हणजे दिलेल्या वचनाशी प्रत्यक्ष वर्तन ताडून पाहणे, ते अशा रीतीने अद्याप चालू आहे.