दारू सुटल्यानंतरची वाटचाल : कुटुंबीयांनी समजून घ्यावयाच्या गोष्टी

॥ श्री ॥



देवापुढे गाऱ्हाणे घालून मद्यपान सोडण्याची शपथ घेण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. आई, पत्नी किंवा थोरला भाऊ त्या व्यक्तीला देवळात घेऊन येतो, गाऱ्हाणे होते, शपथ होते आणि मंडळी समाधानाने घरी परततात. या शपथेचे मोल आम्ही कमी लेखत नाही. कित्येकांच्या आयुष्याला त्या क्षणी वळण लागलेले आम्ही पाहिले आहे. परंतु शपथ झाली म्हणजे प्रश्न कायमचा मिटला, अशी जी समजूत घरोघरी रूढ आहे, तिच्यामुळे झालेली हानीही आम्हांला पाहावी लागली आहे. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी एका कुळावी कुटुंबातील गृहस्थांनी शपथ घेतली व ती नऊ वर्षे पाळली. दहाव्या वर्षी चवथीला सगळे कुटुंब मूळ घरी जमले असता धाकट्या भावाने प्रेमाने पेला पुढे केला. ‘‘आता इतकी वर्षे झाली, एका पेल्याने काय होते?’’ असे त्याचे म्हणणे. त्या गृहस्थांनाही तेच वाटले. दिवाळी येईपर्यंत ते सकाळपासून पिऊ लागले होते. त्यांची वृद्ध आई कार्यालयात आली आणि तिने विचारले, ‘‘बाब, नऊ वर्षे देवाने सांभाळले, मग आताच का सोडले?’’ त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे वैद्यकीय जाणकारांशी बोलून व व्यसनमुक्त झालेल्या सज्जनांचे अनुभव ऐकून जे उमगले, ते त्या कुटुंबाच्या संमतीने, ओळखीचे तपशील वगळून येथे मांडीत आहोत.

हा आजार आहे, म्हणजे काय?

मद्यासक्ती हा केवळ दुर्गुण नसून आजार आहे, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने फार पूर्वी स्वीकारली. अमेरिकन वैद्यकीय संघटनेने १९५६ साली तसे मान्य केले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही त्याला स्थान आहे. दीर्घकाळ नियमित मद्यपान केल्याने मेंदूची घडण बदलते. तितकाच परिणाम होण्यासाठी अधिकाधिक मद्य लागते, न मिळाल्यास शरीर बंड करते आणि ‘पुरे’ म्हणण्याची शक्ती क्षीण होते. मद्य थांबवल्यावर यकृत, झोप, स्मरण यांत पुष्कळ सुधारणा होते. परंतु ज्याला हा आजार तीव्र स्वरूपात जडला आहे, त्याच्यात ‘थोडीशी घेऊन थांबण्याची’ शक्ती पुन्हा येईल असा भरवसा धरता येत नाही, मग मध्ये दहा वर्षे गेलेली असोत वा वीस. मधुमेही माणसाची साखर वर्षभर आटोक्यात राहिली म्हणून आपण त्याच्या पथ्याची चेष्टा करीत नाही. येथेही तोच न्याय लावावा.

हा प्रश्न काही मोजक्या घरांचा आहे असेही नाही. केंद्र शासनासाठी नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार मद्यपानामुळे साहाय्याची गरज असलेल्या भारतीयांची संख्या ५.७ कोटींहून अधिक होती. आणि मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला काही उपचार मिळाला होता. बाकीच्यांचा भार त्यांच्या घरांनी लोकलज्जेपोटी मुकाट्याने वाहिला, असेच म्हणावे लागेल. यात स्त्रियाही आहेत, आणि त्यांच्या वाट्याला तर अधिकच गुप्तता येते.

शपथेनंतरचे पहिले दिवस

जो माणूस कित्येक वर्षे रोज भरपूर मद्य घेत आहे, त्याने एकाएकी ते बंद करणे जिवावर बेतू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, उलट्या, बेचैनी सुरू होते. पहिल्या ४८ तासांत झटके येऊ शकतात. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, तापही चढतो. ही अवस्था वैद्यकीय आणीबाणीची असते. तिला ‘बाधा’ समजून खोलीत कोंडू नये. तत्काळ रुग्णालयात न्यावे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे व ‘ब’ जीवनसत्त्वे देऊन हा काळ सुरक्षितपणे पार पाडता येतो. म्हणून आता आम्ही गाऱ्हाण्यासाठी येणाऱ्या कुटुंबाला प्रथम विचारतो, ‘‘डॉक्टरांना दाखविले का?’’ बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयात अशा उपचारांची सोय आहे.

आणखी एक कळकळीची विनंती. दारू सोडविण्याची गोळी वा पूड चहा-आमटीतून नकळत देण्याचा प्रकार काही घरांत चालतो. अशा औषधांपैकी डायसल्फिराम हे औषध अंगात असताना मद्य घेतल्यास रक्तदाब एकदम घसरून प्राणावर बेतू शकते, आणि त्याचा परिणाम औषध थांबविल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावयाचे असते. शिवाय फसवणूक उघड झाली की घरावरचा विश्वास उडतो तो वेगळाच.

पुढची वर्षे आणि घराचे कर्तव्य

मद्य थांबल्यावर माणूस लगेच आनंदी होईल, अशी घरच्यांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात कित्येक महिने झोप नीट लागत नाही, चिडचिड होते, मन उदास असते. ‘‘यापेक्षा पीत होता तेव्हा बरा होता’’ असे उद्गारही आम्ही ऐकले आहेत. कृपया ते शब्द उच्चारू नयेत. मेंदूला सावरण्यास वेळ लागतो.

१९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात एक शेअरदलाल व एक शल्यचिकित्सक या दोन मद्यासक्त व्यक्तींच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. तिचे सभासद जन्मभर न पिण्याची भाषा करीत नाहीत. ‘फक्त आजचा दिवस’ एवढेच ठरवितात आणि वर्षानुवर्षे सभांना जात राहतात. पंधरा वर्षे मद्याला न शिवलेला माणूसही सभेला जातो, कारण तेथे नव्याने आलेल्या माणसाकडे पाहून त्याला आपला कालचा दिवस आठवतो. ‘‘अजून कशाला जातोस?’’ असे त्याला विचारू नये. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी स्थापन केलेल्या ‘मुक्तांगण’ने उपचारांनंतरचा पाठपुरावा आणि कुटुंबीयांचा सहभाग यांचे महत्त्व मराठी समाजाला पटवून दिले, हेही येथे कृतज्ञतेने नमूद करावेसे वाटते.

घरात पाळावयाच्या काही गोष्टी अशा :

१. घरात मद्य ठेवू नये. सर्दीपडशावर चमचाभर फेणी देण्याची आपल्याकडील चाल त्या व्यक्तीपुरती तरी बंद करावी. आसव-अरिष्टे व काही खोकल्याची औषधे यांतही मद्यार्क असतो. वैद्यांना व डॉक्टरांना पूर्वकल्पना द्यावी.

२. काजूच्या हंगामातील उर्राक, नरकासुराची रात्र, शिगमो, लग्नसमारंभ हे जोखमीचे प्रसंग होत. तेथे त्याच्यासोबत कोणी तरी असावे, आणि त्याला लवकर निघावेसे वाटल्यास आग्रह करून थांबवू नये.

३. भूक, राग, एकटेपणा व थकवा या चार गोष्टी घसरणीला निमंत्रण देतात. वेळेवर जेवण आणि मोकळे बोलणे ही म्हणूनच साधी बाब नव्हे.

४. रोज तोंडाचा वास घेणे व खिसे तपासणे टाळावे. पैशाचे व्यवहार त्याच्याशी बोलून, क्रमाक्रमाने पुन्हा त्याच्या हाती सोपवावेत.

५. तो पीत असेल तर त्याच्यासाठी कचेरीत खोटे निरोप देऊ नयेत आणि त्याची उधारी गुपचूप फेडू नये. परिणामांची झळ लागू न देणे म्हणजे आजाराला आश्रय देणे होय.

पाऊल घसरल्यास

पुन्हा मद्य घेतले जाणे ही या आजारात अनेकदा घडणारी गोष्ट आहे. ‘‘देवाची शपथ मोडलीस, आता तुला क्षमा नाही’’ असे म्हटल्यास अपराधी भावनेपोटी तो अधिकच पितो. त्याच आठवड्यात डॉक्टर वा समुपदेशक यांच्याकडे घेऊन जावे. कोणत्या प्रसंगी, कोणत्या मनःस्थितीत घसरण झाली हे शांतपणे पाहावे. आधीची वर्षे वाया गेली असे समजू नये. त्या वर्षांत शिकलेले त्याच्यापाशीच असते. देवळाचे दार अशा माणसाला बंद नाही, हे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो.

मात्र आजार म्हणजे मारहाणीची मुभा नव्हे. घरातील स्त्रिया व मुले यांची सुरक्षितता प्रथम. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा त्यांच्यासाठीच आहे. संकटसमयी ११२ वा महिलांसाठी १८१ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. तसेच वर्षानुवर्षे धास्तीत जगलेल्या पत्नीला व मुलांनाही उपचारांची, विसाव्याची गरज असते. मद्यासक्तांच्या कुटुंबीयांसाठी ‘अल्-ॲनॉन’ ही संघटना १९५१ साली याच जाणिवेतून निघाली. केंद्र शासनाचा व्यसनमुक्ती साहाय्य क्रमांक १४४४६ हा निःशुल्क आहे. त्यावर कुटुंबीयही बोलू शकतात.

त्या वृद्ध आईच्या प्रश्नाला आज आम्ही असे उत्तर देऊ : गाभाऱ्यातील नंदादीप काल तेवत होता म्हणून आज त्यात तेल घालावे लागत नाही, असे कधी होत नाही. शपथेने ज्योत लागली. तेल मात्र रोज घालावे लागते, आणि त्यातले थोडे घरच्यांच्या हातून पडावे लागते. नऊ वर्षे झाल्यावर सर्वांनाच वाटले की आता तेलाची गरज उरली नाही. चूक एवढीच झाली.

ते गृहस्थ उपचार घेऊन पुन्हा सावरले आहेत. दर आठवड्याला सभेला जातात. त्यांना तेथे पोहोचविण्याचे काम आता धाकटा भाऊ करतो. गेल्या चवथीला त्या घरात बाटली आली नाही, असे त्यांच्या आईने आम्हांला आवर्जून सांगितले.

ज्या कुटुंबांना याविषयी बोलावयाचे असेल त्यांनी देवस्थानच्या कार्यालयात निःसंकोच भेटावे. सांगितलेली गोष्ट आमच्याकडेच राहील.

आपला नम्र,
सचिव, देवस्थान समिती