जुनी गाडी सुरू होईना, तेव्हा

मेहरूणच्या आमच्या बचत गटाकडे एक जुनी ओम्नी आहे. ही गाडी १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ साली ती बनायची बंद झाली. म्हणजे आता रस्त्यावर दिसते ती प्रत्येक ओम्नी वय झालेलीच. आमचे बिबडे, पापड, केळीचे वेफर तिच्यातूनच बाजाराला जातात.

गेल्या हिवाळ्यात प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे माल भरला, किल्ली फिरवली, तर नुसतं 'टक्'. शेवटी रिक्षा करून माल नेला. पोहोचेपर्यंत दर्शनी जागा गेली होती. गाडी चालवते ती आमच्यातलीच एक ताई. बैठकीत सगळ्यांचं बोट तिच्याकडे गेलं : हिनेच रात्री दिवा चालू ठेवला असणार. खरं सांगायचं तर आम्हीही तेच म्हणालो. नवी बॅटरी घेतली. आठ दिवसांनी पुन्हा तेच 'टक्'. मग एका गॅरेजवाल्याने स्टार्टर बदलायला सांगितला. तो खर्च करण्याआधी ताईच हटून बसली आणि ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांना घेऊन आली. त्यांनी जे दाखवलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

पहिलं काम कानांचं. किल्ली फिरवल्यावर इंजिन 'घर्र घर्र' नेहमीच्या वेगाने फिरतं, पण पेट घेत नाही, तर बॅटरी आणि स्टार्टर ठीक आहेत. दोष पेट्रोलचा किंवा ठिणगीचा. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली 'ऑन' केली की टाकीकडून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, तो पेट्रोलचा पंप. ती आली नाही तर आधी फ्यूज बघा. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर किल्ली फिरवत बसू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा. एरवीही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नये, तो तापतो.

आवाजच नाही, किंवा नुसतं 'टक्' किंवा 'टक टक टक' होतं, तेव्हा हेडलाइट लावा आणि कुणाला तरी समोर उभं करून किल्ली फिरवा. दिवा एकदम मंदावला किंवा विझला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा कुठेतरी जोड ढिला आहे. दिवा तसाच लखलखीत राहिला आणि इंजिन हललंच नाही, तर मात्र स्टार्टरकडे किंवा त्याच्या वायरीकडे बघायचं.

आमचा दिवा विझला होता. बॅटरी तर नवी. मग? काकांनी बॅटरीच्या मायनसची जाड वायर गाडीच्या पत्र्याला आणि इंजिनला जिथे बोल्टाने बसते, ती जागा दाखवली. तिथे गंज आणि पांढरी-हिरवी पूड. दिव्याला थोडी वीज लागते, ती गंजातूनही जाते. स्टार्टरला एकदम खूप लागते, तेव्हा वाट अपुरी पडते. काकांनी मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवली आणि ताईला किल्ली फिरवायला सांगितलं. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा, आमचा त्याच्या कितीतरी वर गेला. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासला, परत घट्ट आवळला. पहिल्या किल्लीला गाडी सुरू! एक रुपयाचा सुटा भाग लागला नाही.

बॅटरीच्या टोकांवर पूड जमली तर खायचा सोडा कोमट पाण्यात घालून जुन्या ब्रशने घासा. झाकणांची बॅटरी असेल तर ते पाणी आत जाऊ देऊ नका. कोरडं करून आवळा, वरून व्हॅसलीन लावा. वायरी काढताना आधी मायनस, बसवताना मायनस शेवटी.

आणि हे नीट ऐका. बॅटरीला हात लावण्याआधी धातूच्या बांगड्या, अंगठी काढा, लोंबतं मंगळसूत्र आत खोचा. १२ व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही म्हणून सगळे बेफिकीर असतात. पण धातू प्लसला आणि पत्र्याला एकाच वेळी टेकला तर क्षणात तापून हात भाजतो. बॅटरीतून पेट घेणारा वायूही निघतो, म्हणून जवळ काडी, विडी नको.

बॅटरी खरोखर उतरली का, हेही मीटर सांगतो. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. गाडी चालू असताना साधारण १४ दिसायला हवेत, नाहीतर ती चार्जच होत नाही. आपल्या खान्देशात बॅटरीचं आयुष्य उन्हाळाच खातो. पाणी आटतं, आतल्या पट्ट्या झिजतात. पण थंड इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, म्हणून कळतं ते पौषातल्या पहाटे. झाकणांच्या बॅटरीत मार्चपासून दर महिन्याला पाणी बघा. भरायचं ते डिस्टिल्ड वॉटरच, नळाचं नाही, फिल्टरचंही नाही.

साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो. आमचा आता हिशेबाच्या वहीसोबत पेटीत असतो. ताईला दोष दिला ते चुकलं, हे आम्ही पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घेतलं. नव्या बॅटरीचे पैसे मात्र गेलेच.