दावा खारीज झाला? तीस दिवस मोजा!

शेतकरी बंधूंनो, सावनेरच्या दिवाणी कोर्टात धुऱ्याचा दावा लावला, पेशी चुकली अन् गैरहजेरीत दावा खारीज झाला. आता काय? घाबरू नका, पण बसूनही राहू नका. प्रतिवादी हजर असेल तर त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही. आदेशाच्या तारखेपासून 30 दिवसांत, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9, नियम 9 खाली दावा पुन्हा फाईलवर घेण्याचा अर्ज करा. कारण सबळ हवे. आजारी होता तर डॉक्टरचा दाखला जोडा. उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्जही द्या. अर्ज फेटाळला तर अपील आहे. दोन्ही पक्ष गैरहजर असतील तर मुदतीत नवा दावाही चालतो. वकिलाच्या चुकीचा भुर्दंड निर्दोष पक्षकाराला नको, असे सर्वोच्च न्यायालयाने 1981 साली म्हटले. तरी पुढची पेशी स्वतःच्या वहीत लिहाच!