दिसले नाही, म्हणजे नाही का?

मागच्या खेपेला आपण अनुमान पाहिलं. आज त्याच्या शेजारचं प्रमाण, अनुपलब्धी. कुमारिल भट्टांची मीमांसा आणि अद्वैत वेदान्त यांनी ते स्वतंत्र प्रमाण मानलं आहे. समोर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. पण याला एक अट आहे. घट असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिती हवी. तीच योग्यानुपलब्धी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

हा नियम आपण आमच्या बुवापाड्यात लावून पाहू. समजा, तीसेक वर्षांच्या इमारतीतला फ्लॅट कुणी कर्ज काढून घेतंय. बँकेचा व्हॅल्युअर येतो, खोल्या मोजतो, फोटो काढतो, आजूबाजूचे भाव पाहतो आणि लिहितो, 'धोकादायक काही आढळले नाही.' घेणारा वाचतो, 'घर सुरक्षित आहे.' या दोन वाक्यांचा अर्थ एक नाही.

का, ते पाहा. गच्चीचं किंवा वरच्या बाथरूमचं पाणी स्लॅबमध्ये मुरतं, सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. सळईच्या रेषेत गेलेली भेग, तपकिरी डाग, ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज या त्याच्या खुणा. धुरावरून अग्नी ओळखावा, तसा यांवरून गंज ओळखायचा. पण वर पीओपीचं छत असेल, कालच रंग मारला असेल, तर ती अंधारी खोलीच झाली! तिथे 'आढळले नाही' याला प्रमाण म्हणता येत नाही.

दुसरी अडचण अशी, की किंमत एका फ्लॅटची होते, धोका मात्र सगळ्या इमारतीचा असतो. 28 मे 2021 ला उल्हासनगरच्या नेहरू चौकात एका इमारतीचा वरचा स्लॅब खालच्या मजल्यांवर कोसळला. 7 माणसं गेली. खालच्या घरात उभं राहून वरचा स्लॅब कसा तपासणार?

अमेरिकेत सरकारी विम्याच्या एफएचए गृहकर्जासाठी 1978 पूर्वीच्या घराचा निघालेला रंग मूल्यांकन करणाऱ्याला नोंदवावाच लागतो, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. काय शोधायचं हे आधी ठरलेलं असलं, की 'दिसलं नाही' या म्हणण्याला वजन येतं.

आपल्याकडे सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलं आहे. 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी, त्याहून जुनीचं दर 3 वर्षांनी. सही करण्याआधी तो अहवाल मागा. इमारत सी-वन, म्हणजे तातडीने रिकामी करण्याजोगी, की नुसत्या किरकोळ दुरुस्तीची सी-थ्री, ते त्यातून कळेल. आणि व्हॅल्युअरला एवढंच विचारा, 'साहेब, तुम्हाला काय पाहता आलं नाही?' गच्ची बंद होती, छत झाकलेलं होतं, असं त्याने लिहून दिलं, तर पुढची तपासणी कुठे करायची ते तरी तुम्हाला कळेल.