लॅपटॉपची नवी हार्ड डिस्क: दोषाचा क्रमवार शोध

लॅपटॉपमध्ये बदलून बसवलेली हार्ड डिस्क संगणकाला दिसली नाही, तर ती सदोष असल्याचा निष्कर्ष घाईने काढला जातो; वस्तुतः दोष जोडणीत, पूर्वतयारीत की खुद्द डिस्कमध्ये आहे, हे क्रमाने तपासणे आवश्यक असते. प्रथम बायोस, म्हणजे विंडोजसारखी कार्यप्रणाली सुरू होण्यापूर्वी यंत्रातील भागांची ओळख पटवणारी मूलभूत प्रणाली, उघडून पाहावी. तेथेही डिस्कचे नाव नसेल, तर वीज बंद करून व बॅटरी वेगळी करून डिस्कला लॅपटॉपशी जोडणारी साटा जोडणी तपासावी. या जोडणीत माहितीसाठी ७ आणि विजेसाठी १५ चपट्या धातूच्या पट्ट्या असतात आणि डिस्क किंचित तिरकी बसली तरी त्यांचा संपर्क तुटू शकतो. ९.५ मिलिमीटर जाडीच्या डिस्कच्या जागी ७ मिलिमीटरची बसवल्यास ती सैल राहण्याची शक्यता असते, म्हणून मध्ये पातळ चौकट घालतात.

बायोसमध्ये दिसणारी डिस्क विंडोजमध्ये दिसत नसेल, तर ती बहुधा कोरी असते. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’ या साधनात तिच्यावर विभागांची नोंद ठेवणारा तक्ता तयार करावा लागतो; एमबीआर या जुन्या पद्धतीची मर्यादा साधारण २ टेराबाइट असल्याने मोठ्या डिस्कसाठी जीपीटी पद्धत निवडावी. मात्र डिस्कवर आधीची माहिती असल्यास हे पाऊल कदापि उचलू नये, कारण त्यामुळे ती माहिती हरवू शकते आणि हरवलेली छायाचित्रे नव्या डिस्कने परत मिळत नाहीत.