डिशच्या दांडीवरचा डबा

मे महिन्यात धुळ्यात बिबड्या वाळत घालायला गच्चीवर चढलं, की अनवाणी दुसरं पाऊल टाकवत नाही. पारा 43-44 अंशांवर. शेजारच्या बँकेच्या गच्चीवर मात्र उपग्रहाकडे संदेश पाठवणारी एक डिश भर उन्हात उभी असते आणि तिच्या दांडीवर खाचाखाचांचा पांढरा डबा. बघणारा हमखास म्हणतो, ‘‘अहो, एवढं महागाचं यंत्र उन्हात कशाला? खाली एसीत ठेवा ना!’’

हाच सगळ्यांत पक्का गैरसमज. हा डबा म्हणजे सॉलिड स्टेट पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. कंप्रता वाढवणारा भागही त्याच्याच पोटात असला, की तो बीयूसी (ब्लॉक अपकन्व्हर्टर). तंत्रज्ञ त्याला नुसतं ‘बक’ म्हणतात. खोलीतल्या मोडेमकडून संदेश साधारण एक ते दीड गिगाहर्ट्झवर वर येतो. त्याच तारेतून बहुधा डब्याची वीजही येते. केयू बँडचा डबा तो संदेश 14 गिगाहर्ट्झवर चढवतो आणि मग त्याची शक्ती वाढवतो. 14 गिगाहर्ट्झचा संदेश साधी तार फार खाते. वाटेत तीन डेसिबल गेले, म्हणजे निम्मी शक्ती तारेतच जिरली. डबा एसीत ठेवून अर्धा माल रस्त्यात सांडण्यापेक्षा तो उन्हात टिकेल असा बनवणं स्वस्त पडतं. नारायणगावजवळच्या आर्वीला 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला उपग्रह भू-केंद्र सुरू झालं, त्या काळात अशा केंद्रांत हे काम हजारो व्होल्टवर चालणाऱ्या नळ्या करत. आज गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर ते दोन आकडी व्होल्टवर करतात.

दुसरी शंका डब्याच्या वॅटची. ‘‘चार वॅट? नाइटलॅम्प तेवढा असतो! उपग्रह तर 36 हजार किलोमीटरवर.’’ खरी करामत डिशची. सव्वा मीटरची डिश ती शक्ती एका दिशेला एकवटून जवळपास वीस हजार पट परिणामकारक करते. आपल्याकडे ही दिशा गमतीची आहे. धुळ्याचा रेखांश पावणेपंचाहत्तर अंश आणि जीसॅट-18 उपग्रह उभा आहे 74 अंशांवर. त्याच्याकडे लावलेली डिश जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला आणि चांगली 65 अंश वर मान करून बघते. टीव्हीची डिश नुसती ऐकते, ही बोलतेही. म्हणून तिच्या तोंडाशी, डबा आणि थाळी यांच्या मधे, डोकं घालू नये. मागच्या बाजूला बिबड्या खुशाल वाळवाव्यात.

वॅटच्या आकड्यावर मात्र खरेदीत फसगत होते. माहितीपत्रकात ‘25 वॅट’ दिसलं, की माणूस खूश. पण तो आकडा बहुतेकदा टोकाचा असतो. लग्नात भोंग्याचं बटण शेवटपर्यंत पिळलं, की सनई फाटते. अ‍ॅम्प्लिफायरचंही तसंच, आणि फाटलेला संदेश शेजारच्या वाहिनीत घुसतो. गॅलियम नायट्राइडमध्ये स्वच्छ शक्ती टोकाच्या साधारण निम्मीच धरावी. विचारायचा आकडा तो.

‘‘एक ट्रान्झिस्टर गेला, की सगळं बंद’’ हेही खरं नाही. मोठ्या डब्यात ते बरोबरीने जोडलेले असतात. चारातला एक गेला तर तीन चतुर्थांश शक्ती उरायला हवी, असं वाटतं. उरते सोळात नऊ, म्हणजे 56 टक्के, कारण जोडणीत तोल जातो. पण काम चालू राहतं.

मग डब्याचा शत्रू कोण? उष्णता. सोळा वॅट बाहेर काढणारा डबा शंभराच्या वर वॅट ओढतो; बाकीचा सगळा ताप. बरेच डबे 55 अंशांच्या हवेपर्यंत चालतात, पण ते खाचा मोकळ्या असतील तर. काळ्या मातीची धूळ त्यांत बसली, की वारा आत शिरत नाही. एप्रिलमध्ये एक रंगाचा कोरडा ब्रश आणि दहा मिनिटं पुरतात.

पावसाला मात्र फुकट शिव्या बसतात. धो-धो सरीत लिंक तुटते ती डबा भिजतो म्हणून नाही. थेंबच 14 गिगाहर्ट्झच्या लहरी गिळतात. 6 गिगाहर्ट्झच्या सी बँडला त्याचं फारसं वाटत नाही. सर ओसरली, की लिंक आपोआप येते. दोन दिवस उघडीप होऊनही आली नाही, तर आधी तारेच्या जोडावरची टेप सोडून बघावी. तसं होत नाही. आधी डबा बदलतात, मग जोड उघडतात, आणि आतून चमचाभर पाणी निघतं.