घारापुरीचा धंदा लाँचच्या वेळापत्रकावर

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरून लाँचने साधारण एका तासाच्या अंतरावर घारापुरी बेट आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकजण शाळेच्या सहलीत किंवा गावाकडच्या पाहुण्यांना घेऊन तेथे जाऊन आले असतील. लेणी पाहिली, माकडांपासून खाऊचा पुडा वाचवला आणि संध्याकाळच्या आत परत आले, एवढीच बहुतेकांची आठवण असते. पण या बेटावर तीन गावे आहेत, हजार-बाराशे माणसे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि त्यांनाही रोजीरोटीची विवंचना आहे. लेण्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही येथे त्या माणसांच्या धंद्याचा हिशोब मांडणार आहोत. छोटा व्यापार करणाऱ्या कोणालाही त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही ती तीन गावे. मुंबई समोर दिसत असली तरी बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात मोडते. म्हणजे गिऱ्हाईक मुंबईचे आणि तहसील कचेरी उरणला. पश्चिमेला मुंबई बंदर, पूर्वेला १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर आणि शेजारी जवाहर द्वीपावरचे खनिज तेलाचे टर्मिनल. देशातील दोन मोठ्या बंदरांच्या मधोमध हे बेट आहे. अब्जावधींचा माल डोळ्यांदेखत ये-जा करतो, पण त्यातले बेटावर काही उतरत नाही.

पूर्वी येथे भातशेती, मासेमारी आणि होड्यांची डागडुजी यांवर घर चालत असे. डोंगराळ बेटावर भाताची जमीन ती किती असणार? मासेमारीलाही मोठ्या जहाजांच्या वाटा सोडून जाळे टाकावे लागते आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. १९८७ साली लेण्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. पर्यटन वाढत गेले तसे बेटाचे अर्थकारणही पर्यटकांच्या खिशाकडे वळले.

आता हा बाजार कसा चालतो ते पाहू. सकाळी नऊच्या सुमारास गेटवेवरून पहिली लाँच सुटते. लेणी संध्याकाळपर्यंतच उघडी असतात आणि शेवटची लाँच धरायची म्हणून पाचच्या आत-बाहेर सगळे गिऱ्हाईक धक्क्याकडे पळू लागते. म्हणजे दुकानदाराच्या हाती सहा-सात तास. सोमवारी लेणी बंद, तेव्हा वर्षाचे ५२ दिवस गेले, उरले ३१३. समजा, पावसाळी वादळी हवेचे ५०-६० दिवस आणखी वजा केले, तर अडीचशे-दोनशे साठ दिवसांत वर्षाची कमाई करायची. घरखर्च मात्र ३६५ दिवसांचा. ज्याला हे गणित कळले त्याला घारापुरीचा भाव थोडा चढा का असतो हेही कळेल.

धक्क्यावरून छोटी आगगाडी पायथ्यापर्यंत नेते आणि तेथून लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत. खरी बाजारपेठ म्हणजे याच पायऱ्या. दोन्ही बाजूंना माळा, बांगड्या, टोप्या, पिशव्या, दगडी मूर्ती. मध्येच काकडी, कैरी, चिंच, भाजलेले कणीस. म्हाताऱ्या-अशक्त पर्यटकांना खुर्चीच्या डोलीत बसवून चौघेजण वर नेतात. ही मेहनतीची कमाई आहे आणि गुडघे असेपर्यंतचीच आहे.

दुकानांतील मालाबाबत आम्हाला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. ज्या माळा आणि टोप्या घारापुरीच्या पायऱ्यांवर दिसतात, त्याच कुलाब्याच्या फुटपाथवरही टांगलेल्या असतात. असा माल मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट, मशीद बंदर या भागांत ठोक भावाने कोणालाही मिळतो. बेटावर आणायचा तर लाँचचे भाडे, हमाली आणि फूटतूट वर पडते. गिऱ्हाईक तासाभराने गेटवेवर उतरते, चार पावले चालते आणि तीच माळ स्वस्तात पाहते. मग बेटावरचा दुकानदार लुटारू ठरतो! दोष त्याच्या नीयतीचा नाही, मालाच्या निवडीचा आहे. जी वस्तू समोरच्या किनाऱ्यावर मिळत नाही तीच बेटावर बरकत देईल. घरगुती मासळीचे जेवण, तांदळाची भाकरी, बेटावरच्या चिंचेचा मेवा, सुकी मासळीची नीट बांधलेली पाकिटे यांत शहराशी स्पर्धा नाही आणि नफ्याचा पैसा घरच्या बायकांच्या हाती राहतो. तसेच दोन परभाषा नीट शिकलेला तरुण वाटाड्या होऊ शकतो. त्याला भांडवल लागत नाही.

पर्यटकाने खर्च केलेला रुपया जातो कोठे, हेही पाहिले पाहिजे. लाँचचे भाडे गेटवेलाच भरले जाते. लेण्यांच्या तिकिटाचे पैसे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे. ग्रामपंचायतीला मिळतो तो माणशी किरकोळ कर. उरलेल्यातून खाणे आणि खरेदी. म्हणजे ज्या बेटासाठी माणूस घरातून निघाला, त्या बेटाच्या वाट्याला त्याच्या खर्चाचा शेवटचा भाग येतो. त्यातही धक्का शेतबंदरला असल्याने गिऱ्हाईक त्याच बाजूला. मोराबंदरच्या माणसाला दुकान चालवायचे तर रोज डोंगर ओलांडून यावे लागते.

विजेची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे हे बेट अंधारात होते. संध्याकाळी पर्यटन महामंडळाच्या जनरेटरवर तीनेक तास दिवे लागत. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज आली. खर्च सुमारे २५ कोटी रुपये. शीतपेटी आली, थंड पेये आणि मासळी टिकू लागली, मुलांना रात्री अभ्यास करता येऊ लागला. हे लहान बदल नव्हेत.

परंतु विजेने दुकानाचे तास वाढले नाहीत. पर्यटकाला बेटावर रात्री मुक्काम करता येत नाही. १९८५ च्या अधिसूचनेने बेट आणि किनाऱ्यापासून एक किलोमीटरचा पट्टा प्रतिबंधित क्षेत्र ठरला आहे, त्यामुळे नवे बांधकामही सोपे नाही. लेणी सांभाळली पाहिजेत याबद्दल दुमत नाही, लेणी गेली तर धंदाही गेला. पण घरात मुले वाढली, त्यांची लग्ने झाली की खोली वाढवावी लागते. ती कोठे वाढवायची? याचे उत्तर मिळत नाही म्हणून तरुण उरणला, नवी मुंबईला किंवा मुंबईला नोकरी शोधतात.

एकाच वाटेवर सारा धंदा अवलंबून असला की काय होते, ते दोनदा दिसले. मार्च २०२० मध्ये करोनामुळे स्मारके बंद झाली आणि एका दिवसात गिऱ्हाईक शून्यावर आले. त्यानंतर १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ जणांचा बळी गेला. लाँचमध्ये शंभराहून अधिक प्रवासी होते. लाइफ जॅकेट अंगात असणे ही काही सरकारी कटकट नव्हे, हे तेव्हा सर्वांना उमगले. बंदराच्या पाण्यात जहाजे, नौदल, मच्छीमार आणि सहलीचे लोक एकत्र वावरतात, तेथे शिस्तीवाचून धंदा टिकणार नाही.

पुढे काय? मुंबई बंदराने शिवडीहून घारापुरीपर्यंत सुमारे आठ किलोमीटरच्या रोपवेची योजना काही वर्षांपूर्वी जाहीर केली होती, पण दोर अजून ताणला गेलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला. तो बेटाच्या उत्तरेकडून जातो, बेटाला जोडत नाही. रोपवे झाला तर गिऱ्हाईक वाढेल, परंतु ते आणखी लवकर परतही जाईल आणि डोलीवाले, लाँचवर काम करणारे यांच्या पोटाचा प्रश्न उभा राहील. आमच्या मते त्या दोराची वाट पाहण्यापेक्षा दोन मागण्या तातडीच्या आहेत. लेण्यांच्या तिकिटातील ठराविक हिस्सा ग्रामपंचायतीला मिळावा आणि गावठाणातल्या जुन्या घरांच्या दुरुस्तीला परवानगी देताना ठरावीक मुदत पाळली जावी. दोन्हींसाठी समुद्रात एकही खांब रोवावा लागत नाही.